अर्भकाचे जुलाब
अर्भकास जुलाब लागले की शरीरातील पाणी व क्षार झपाट्याने घटतात. खरा धोका तोच होय. म्हणून अंगावरचे दूध चालू ठेवावे आणि ओआरएसची पूड पाकिटावरील मापाइतक्या स्वच्छ पाण्यात विरघळवून ते पाणी चमच्याने पाजावे. त्यातील साखरेच्या संगतीने क्षार व पाणी आतड्यात शोषले जातात. डोळे खोल गेल्यास, मूल निपचित पडल्यास अथवा शौचात रक्त दिसल्यास त्वरित दवाखाना गाठावा.

१९८० च्या दशकात दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत काही नवजात बालकांत रोटाविषाणू आढळला. परंतु त्यांना जुलाब नव्हते. डॉ. महाराज किशन भान व सहकाऱ्यांच्या प्रयत्नांनी त्याच विषाणूपासून ‘रोटाव्हॅक’ लस सिद्ध झाली. २०१६ साली ती राष्ट्रीय लसीकरणात आली. मात्र जुलाबांची कारणे अनेक असल्याने ओआरएसची गरज उरतेच.