अजिनोमोटो खरोखर घातक आहे का?



वसतिगृहातील मुलांसाठी खाऊ पाठवताना किंवा मंडळीच्या प्रीतिभोजनाचा बेत ठरवताना एक प्रश्न हमखास निघतो : "यात अजिनोमोटो नाही ना? तो विषारी असतो म्हणे." काही जण तेवढ्या कारणासाठी नूडल्सची पाकिटे बाजूला काढतात आणि त्यांच्या जागी चिप्स, फरसाण किंवा क्रीमची बिस्किटे घेतात. अजिनोमोटो टळला, की मनाला बरे वाटते. ते वाटणे कितपत बरोबर आहे, हे नीट पाहायला हवे, कारण पाड्यावरच्या मुलांच्या पोटात आपण काय घालतो त्याच्याशी हा प्रश्न जोडलेला आहे.

अजिनोमोटो हे खरे तर एका जपानी कंपनीचे आणि तिच्या मालाचे नाव. पदार्थाचे नाव मोनोसोडियम ग्लुटामेट, थोडक्यात एमएसजी. टोकियोच्या इम्पीरियल विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली कोंबू नावाच्या समुद्रशेवाळाच्या कढणातून ग्लुटामेट वेगळे काढले. गोड, आंबट, खारट, कडू यांपैकी कशातच न बसणाऱ्या त्या चवीला त्यांनी 'उमामी' म्हटले. पुढच्याच वर्षी ही पूड बाजारात आली. आज ती उसाची मळी किंवा पिष्टमय पदार्थ जिवाणूंच्या साहाय्याने आंबवून तयार करतात.

ग्लुटामेट शरीराला परके नाही. डाळी, मांस, मासे, दूध या सर्वांतील प्रथिनांचा ते एक घटक आहे. प्रथिनात बांधलेले असते तोवर ते चव देत नाही. सुटे झाले की देते. पिकलेल्या टोमॅटोत, मुरलेल्या चीजमध्ये ते सुटे असते. आईच्या दुधात तर ते गाईच्या दुधापेक्षा कितीतरी जास्त असते. टोमॅटोतले ग्लुटामेट आणि पुडीतले ग्लुटामेट यांत शरीर फरक करीत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या हिशेबाप्रमाणे प्रौढ माणूस रोजच्या अन्नातील प्रथिनांतून सुमारे १३ ग्रॅम ग्लुटामेट खातो, आणि वरून घातलेल्या एमएसजीतून जेमतेम अर्धा ग्रॅम. खाल्लेल्यापैकी बहुतेक सगळे आतड्याच्या पेशीच इंधन म्हणून वापरून टाकतात.

कांदा-टोमॅटो घातलेल्या सुक्या बोंबलाबरोबर नाचणीची भाकरी दोन घास जास्त का जाते, याचेही उत्तर इथेच आहे. टोमॅटोत ग्लुटामेट असते आणि सुक्या मासळीत इनोसिनेट. दोन्ही एकत्र आली की चव कैक पटींनी खुलते. हे इनोसिनेटही इकेदांचे शिष्य शिंतारो कोदामा यांनी १९१३ साली सुक्या मासळीतच शोधले. आपल्या आज्यांना त्यासाठी प्रयोगशाळा लागली नाही.

मग एवढी भीती आली कोठून? एका पत्रातून. १९६८ साली डॉ. रॉबर्ट हो मॅन क्वोक यांनी अमेरिकेतील एका मान्यवर वैद्यकीय नियतकालिकाला लिहिले, की चिनी उपाहारगृहात जेवल्यावर आपल्या मानेमागे बधिरपणा येतो, अशक्तपणा वाटतो, छातीत धडधडते. सोया सॉस, स्वयंपाकातली दारू, मीठ आणि एमएसजी अशा अनेक कारणांची शक्यता त्यांनी मांडली होती. लोकांच्या लक्षात राहिले ते शेवटचे. नियतकालिकाने मथळ्यात चिनी उपाहारगृहांचे नाव घातले आणि एका समाजाच्या जेवणाला डाग लागला तो लागलाच.

पुढच्या वर्षी, १९६९ मध्ये, जॉन ओल्नी या संशोधकांनी उंदरांच्या नवजात पिल्लांना एमएसजी टोचले. त्यांच्या मेंदूला इजा झाली आणि पुढे ती लठ्ठ झाली. प्रयोग खरा होता, पण त्याचे माप पाहा. पिल्लांच्या वजनाच्या दर किलोमागे ४ ग्रॅमपर्यंत मात्रा, तीही कातडीखाली टोचून. २० किलोच्या मुलाला हे माप लावले तर एका वेळी ८० ग्रॅम होते! जेवणातून इतके कोणी खात नाही, आणि खाल्लेले आतड्यातून जाते, सुईतून नव्हे. तरीही अमेरिकेतील कारखानदारांनी बाळांच्या आहारातून एमएसजी काढून टाकले. बाळांच्या बाबतीत ही खबरदारी मला योग्यच वाटते.

आपल्याला एमएसजीचा त्रास होतो, असे सांगणाऱ्या १३० लोकांवर अमेरिकेत चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. कोणाला एमएसजी दिले आणि कोणाला नुसते बनावट पेय, हे देणाऱ्यालाही ठाऊक नव्हते. बनावट पेयानेही काहींना त्रास झाला, आणि प्रत्येक वेळी फक्त एमएसजीनेच त्रास होणारे लोक जवळजवळ सापडलेच नाहीत. मात्र रिकाम्या पोटी ३ ग्रॅम किंवा त्याहून जास्त घेतल्यास काहींना थोडा वेळ डोके दुखणे, घाम येणे, धडधडणे असा त्रास होऊ शकतो, हे तज्ज्ञ मान्य करतात. ज्याला असा अनुभव आहे त्याने टाळावे. त्याची थट्टा करू नये.

जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त समितीने १९८७ साली एमएसजीला आकड्याची मर्यादा घालण्याची गरज नाही असे ठरवले. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१७ साली मात्र सर्व ग्लुटामेट पुडींसाठी मिळून दर किलो वजनामागे रोज ३० मिलिग्रॅम ही मर्यादा घातली. प्राण्यांना ३,२०० मिलिग्रॅम देऊनही अपाय दिसला नव्हता. त्याच्या सुमारे शंभराव्या भागावर ही रेघ ओढली आहे. २० किलोच्या मुलाला ती ६०० मिलिग्रॅम पडते, आणि रोज पाकिटे खाणारे मूल ती ओलांडू शकते. तेवढ्याने विषबाधा होत नाही. पण रोज पाकिटे नकोत, याला हे आणखी एक कारण.

आपल्याकडे २०१५ साली मॅगीचे प्रकरण गाजले. त्यात दोन आरोप होते आणि लोकांनी त्यांची सरमिसळ केली. पहिला शिशाचा. शिसे हे खरेच विष आहे. दुसरा होता वेष्टनावरच्या 'एमएसजी घातलेले नाही' या शब्दांबद्दल. ५ जूनला बंदी आली, १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द करून नव्याने तपासणी करायला सांगितले, त्या तपासणीत शिसे मर्यादेच्या आत निघाले आणि नोव्हेंबरमध्ये माल परत दुकानात आला. ग्लुटामेट मुळातले की वरून घातलेले, हे तपासणीने ओळखता येत नाही, हेही अन्नसुरक्षा प्राधिकरणाने पुढे स्पष्ट केले. अनेकांच्या मनात मात्र 'अजिनोमोटो म्हणजे विष' एवढेच उरले.

आता पाकिटाकडे वळू. नूडल्समध्ये मैदा, तेल आणि मीठ असते. चिप्स-फरसाणात तेल-मीठ, तर क्रीमच्या बिस्किटात साखर आणि वनस्पती तूप. अजिनोमोटो टाळून आपण मुलांना हेच दिले तर काय साधले? वेष्टनामागे सोडियमचा आकडा पाहावा आणि त्याला अडीचने गुणावे, म्हणजे मीठ किती ते कळते. १,००० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे अडीच ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना प्रौढाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी सांगते, लहान मुलाला त्याहूनही कमी. एमएसजीत सोडियम मिठाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकेच असते. बेताने वापरले तर त्याने मीठ कमी करता येते. पाकिटात मात्र बहुधा दोन्ही भरपूर असतात.

एमएसजीचा क्रमांक ६२१. तो घातलेला असेल तर १२ महिन्यांखालील बाळांना देऊ नये, अशी सूचना आपल्या देशात वेष्टनावर छापावी लागते. पाड्यावरच्या टपरीतून मोठे भावंड पाकीट आणते आणि कडेवरच्या बाळालाही भरवते. ही सूचना वाचता न येणाऱ्या आईला ती तोंडी सांगायला हवी.

खाऊ पाठवायचाच तर फुटाणे, शेंगदाणे, गूळ, राजगिऱ्याचे लाडू पाठवावेत. फक्त शेंगदाणे पावसाळ्याआधी पाठवावेत, कोरड्या डब्यात भरून. ओल लागून बुरशी धरलेल्या दाण्यांत अफ्लाटॉक्सिन तयार होते. ते यकृताला घातक असते आणि दाणे भाजले तरी पुरते जात नाही. असे दाणे निवडत बसू नये, सगळेच फेकून द्यावेत.