चित्रपट पाहून इंग्रजी शब्द वाढतील का?

प्रश्न : मी इंग्रजी चित्रपट मराठी सबटायटल्स लावून पाहते. गोष्ट कळते, पण शब्द लक्षात राहत नाहीत. काय करू?

उत्तर : आधी मराठी सबटायटल्स बंद करा, ती वाचण्याच्या नादात संवाद ऐकलेच जात नाहीत. इंग्रजी लावा. चित्रपट 'फॉरेस्ट गम्प' (१९९४) घ्या. त्यात नायक बसथांब्याच्या बाकावर बसून शेजारच्यांना आपली हकिकत सांगतो, तीही सावकाश, छोट्या वाक्यांत. (उच्चार मात्र उचलू नका, ते अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अलाबामा राज्याच्या वळणाचे आहेत.) १४२ मिनिटं सलग पाहण्याची गरज नाही. पाचेक मिनिटांचा एकच प्रसंग पुन्हा पुन्हा पाहा आणि अडलेले चार शब्द अख्ख्या वाक्यासकट वहीत उतरवा. सुटे शब्द टिकत नाहीत. कोर्टकचेरीचे आणि गुंडांचे चित्रपट तूर्त नकोत, त्यांतली कायद्याची आणि गल्लीतली भाषा अजून जड जाईल.