गेमिंग कन्सोलची खरी किंमत

दूरचित्रवाणी संचाला जोडावयाचा उच्च श्रेणीचा गेमिंग कन्सोल ही आता फ्रिज किंवा वॉशिंग मशीनच्या तोडीची खरेदी झाली आहे. तथापि या वस्तूंत एक मूलभूत भेद आहे. फ्रिज घेतल्यावर मोठा खर्च संपतो. कन्सोल घेतल्यावर तो सुरू होतो.

यामागील अर्थकारण उद्बोधक आहे. नोव्हेंबर २००६ मध्ये सोनीने प्लेस्टेशन ३ अमेरिकेत ४९९ व ५९९ डॉलर किमतींस आणला, तेव्हा त्याचा उत्पादनखर्च विक्रीमूल्याहून अधिक होता. २०२१ मध्ये एपिक गेम्स विरुद्ध ॲपल या खटल्यातील साक्षीत मायक्रोसॉफ्टच्या वतीनेही एक्सबॉक्स यंत्रांच्या विक्रीतून नफा होत नसल्याचे सांगण्यात आले. प्रिंटर स्वस्त आणि शाई महाग, असाच हा व्यवहार होय. यंत्रावरील तूट खेळांची विक्री व सदस्यत्व शुल्क यांतून भरून निघते. म्हणून ग्राहकाने यंत्राच्या किमतीऐवजी पाच वर्षांचा एकत्रित खर्च मांडावा.

उदाहरणादाखल, यंत्र ५०,००० रुपयांचे आणि वर्षाला ४,००० रुपयांचे तीन खेळ असे धरू. पाच वर्षांत खेळांवर ६०,००० रुपये, म्हणजे यंत्राहूनही अधिक रक्कम खर्च होईल. एकूण १,१०,००० रुपये, अर्थात दरमहा सुमारे १,८३३ रुपये. ऑनलाइन खेळण्याचे सदस्यत्व व जादा कंट्रोलर यांचा खर्च निराळा.

याच दृष्टीने डिस्कसह व डिस्कविरहित आवृत्त्यांची तुलना करावी. फेब्रुवारी २०२१ मध्ये प्लेस्टेशन ५ भारतात आला, तेव्हा या आवृत्त्यांच्या किमती अनुक्रमे ४९,९९० व ३९,९९० रुपये होत्या. बचत १०,००० रुपयांची. परंतु डाउनलोड केलेला खेळ पुन्हा विकता येत नाही. खेळून झालेल्या डिस्कचे १,५०० रुपये जरी आले, तरी सात डिस्क विकताच हा फरक भरून निघतो.

घरातील दूरचित्रवाणी संचही विचारात घ्यावा. तो ४के दर्जाचा नसेल, तर यंत्राच्या चित्रक्षमतेसाठी मोजलेल्या पैशांचा पुरता लाभ मिळत नाही. हमीपत्र भारतात ग्राह्य आहे ना, हेही तपासावे. २००७ मध्ये एक्सबॉक्स ३६० मधील बिघाडांमुळे मायक्रोसॉफ्टला हमीची मुदत तीन वर्षांपर्यंत वाढवून एक अब्ज डॉलरहून अधिक तरतूद करावी लागली होती. महाग यंत्रही नादुरुस्त होते, हे यावरून ध्यानी यावे.

अखेरचा मुद्दा हप्त्यांचा. शून्य टक्के व्याज ही संकल्पनाच अस्तित्वात नाही, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच स्पष्ट केले आहे. ‘नो कॉस्ट’ हप्त्यांत व्याजाइतकी सवलत विक्रेता वा उत्पादक देतो. मात्र प्रक्रिया शुल्क आणि व्याजावरील जीएसटी ग्राहकावर पडू शकतो. रोखीने घेतल्यास काय सूट मिळते, हे विचारून मगच निर्णय घ्यावा.

बचत, विमा व शिक्षणाची तरतूद बाजूला काढल्यावर वरील मासिक रक्कम सहज उरत असेल, तर कन्सोल अवश्य घ्यावा. करमणूक ही कुटुंबाची रास्त गरज आहे. तिचा हिशेब खरेदीपूर्वी मांडलेला असावा, इतकेच.