प्लास्टिकचं गांडूळ गळाला लावण्याआधी

मिनेसोटात स्थायिक झालेल्या माणसाला आज ना उद्या वॉलआय माशाचा नाद लागतोच. तसा तो मलाही लागला. १९६५पासून हा इथला राज्यमासा आहे. त्याच्या डोळ्यांत प्रकाश परतवणारा एक थर असतो. त्यामुळे त्याला अंधुक उजेडातही छान दिसतं, आणि दिवेलागणीला किंवा पहाटे तो हमखास गळाला लागतो. पूर्वी मी नाइटक्रॉलर, म्हणजे जाडजूड जिवंत गांडूळ लावायचो. आता बहुतेक वेळा मऊ प्लास्टिकचं लावतो.

त्यामागे सबळ कारण आहे. हिमयुगानंतर या भागातल्या जंगलांत गांडुळं नव्हतीच. ती युरोपातून आली. मासेमारीनंतर उरलेली गांडुळं लोक काठावर टाकून देतात. ती जंगलातला पालापाचोळ्याचा थर फस्त करतात आणि त्यावर जगणारी रोपटी मरतात. प्लास्टिकच्या गांडुळाने हा प्रश्न टळतो. शिवाय फ्रिज लागत नाही आणि एकाच गांडुळावर दोन-तीन मासे निघतात.

पण एकदा लीच लेकवर धरलेला वॉलआय घरी साफ करताना सुरीला काहीतरी कडक लागलं. पोट उघडलं, तर आत पोपटी प्लास्टिकचं गांडूळ. फुगून बोटाएवढं जाड झालेलं, अंगावरची वळी मात्र जशीच्या तशी. बाकी पोट रिकामं. कुणाच्या तरी गळावरून निसटलेलं किंवा फाटलं म्हणून पाण्यात भिरकावलेलं ते आमिष त्या माशाने खरं समजून गिळलं होतं. त्या दिवसापासून माझी सगळी पद्धत बदलली.

ही आमिषं बहुधा पीव्हीसीची असतात. ती मऊ राहावीत म्हणून त्यात तेलकट रसायन मिसळतात. ते रसायन झिरपून गेलं की प्लास्टिक कडक होतं, पण कुजत मात्र नाही. ऑन्टारिओतल्या चार्ल्सटन लेकवर अभ्यास करणाऱ्या संशोधकांनी २०१४ साली हेच मांडलं: पाण्यात राहिलेली आमिषं फुगतात आणि विरघळत नाहीत. २०१३मध्ये मेन राज्यात तर त्यांच्यावर बंदी घालण्याचं विधेयकही आलं होतं.

म्हणून माझं पहिलं सांगणं: आमिष गळावर घट्ट बसवा. जिग हेडच्या, म्हणजे वजनदार डोक्याच्या गळाच्या, मानेवर सुपर ग्लूचा एक थेंब लावून गांडूळ त्यावर सरकवा, म्हणजे प्रत्येक ओढीला ते खाली घसरत नाही. गळ गांडुळाच्या मधोमध सरळ ओवा. वाकडं बसलं तर ते पाण्यात गरगर फिरतं आणि दोरीला पीळ पडतो. पर्च मासे शेपूट कुरतडतात. तुटकं गांडूळ काढलंत की खिशातल्या झिपच्या पिशवीत टाका.

रंग पाण्याकडे बघून निवडा. गढूळ पाण्यात पोपटी किंवा नारिंगी, नितळ पाण्यात मातकट. मे महिन्यात पाणी गार असतं, तेव्हा वॉलआय सुस्त असतो आणि मिनो, म्हणजे जिवंत छोटा मासाच, सरस ठरतो. प्लास्टिकचा खरा हंगाम पाणी कोमट झाल्यावर सुरू होतो. जिग तळाला टेकू द्या, जरासं उचला, पुन्हा सोडा. वॉलआय झडप घालत नाही, दोरीला नुसता टिचकीसारखा धक्का बसतो. म्हणून दोरी सैल ठेवू नका.

ठेवण्याचीही काळजी घ्या. वेगवेगळ्या रंगांची गांडुळं एकत्र ठेवलीत तर रंग एकमेकांत उतरतात. काही डब्यांचं कडक प्लास्टिक गांडुळांतल्या त्या तेलकट रसायनाने वितळून चिकट होतं. मूळ पिशवीतच ठेवलेली बरी. हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय डबा उघडून जेवू नका, आणि मुलांनाही जेवू देऊ नका.

होडी काठाला लावताना पिशवीतली तुटकी गांडुळं एकदा मोजा. जितकी लावली तितकी परत यायला हवीत. एखादं कमी भरलं तर होडीत शोधा, पाण्याकडे बघून सोडून देऊ नका. आणि शेजारच्या होडीतल्या माणसालाही हे दोन शब्द जरूर सांगा.