ॲनिमेशनपटाचे रूपांतर : काही व्यवहारोपयोगी विचार

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याचा बराचसा भाग पर्जन्यछायेत येतो. पाण्याचा हिशेब हा येथे शेतकऱ्याच्या संसाराचाच हिशेब असतो. पावसाच्या पाण्याचा ताळेबंद दरवर्षी ग्रामसभेपुढे मांडावयाचा आणि त्यावरून रब्बीची पिके ठरवावयाची, ही जी प्रथा नगर तालुक्यातील हिवरे बाजार या गावाने रूढ केली, तिची ख्याती आता देशभर झाली आहे. असा ताळेबंद आकड्यांनी मांडता येतो, तसाच चित्रांनीही मांडता येतो. पाणी भूगर्भात कसे मुरते, शेजारच्या दोन विहिरी एकाच साठ्यातून कशा उपसल्या जातात, हे व्यवहार कॅमेऱ्याला दिसत नाहीत. तेथे हालत्या रेखाचित्रांचा, म्हणजे ॲनिमेशनचा, आश्रय घ्यावा लागतो. असे लहान लहान पट शिक्षक आता संगणकावर आणि भ्रमणध्वनीवर स्वतः तयार करू लागले आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु करणाऱ्याच्या संगणकापासून ग्रामपंचायतीच्या पडद्यापर्यंत पोहोचताना त्या पटाला एका स्वरूपातून दुसऱ्या स्वरूपात अनेकदा जावे लागते. त्या वाटेवर काय गळते, याचा विचार मात्र फारसा होत नाही.

प्रस्तुत लेखकाला ही गोष्ट स्वतःच्या चुकीने कळली. जिल्ह्यातील एका गावच्या शिक्षकांनी पाण्याच्या ताळेबंदावर दोन मिनिटांचा सुरेख पट तयार केला होता. तो व्हॉट्सॲपवरून मागविला, संगणकावर त्याचे रूपांतर केले, त्यास निवेदन जोडले, पुन्हा व्हॉट्सॲपवरूनच सरपंचांकडे पाठविला. प्रत्येक टप्प्यावर त्याचे नव्याने आकुंचन होत गेले. ग्रामसभेत पडद्यावर ढगाभोवती एक पांढरी चौकोनी पेटी दिसू लागली, ती एक वेळ चालली असती. परंतु ‘तूट ९ टक्के’ या पाटीवरील नवाचा आकडा इतका विरघळला होता की तो एकासारखा दिसत होता. मागे बसलेले एक वृद्ध शेतकरी उठून म्हणाले, “साहेब, एकच टक्का तूट हाय, तर गव्हाला नको का म्हणता?” शिक्षकांनी खडू घेऊन खरा आकडा फळ्यावर लिहिला आणि वेळ निभावली. तरी मंडळींच्या मनात ‘खरा आकडा पडद्यावरचा की फळ्यावरचा’ ही शंका राहिलीच. आकुंचनाच्या तंत्राला सफाईदार छायाचित्रापेक्षा सपाट रंग आणि बारीक रेषा अधिक जड जातात. देवनागरीतील अनुस्वार, मात्रा आणि १ व ९ यांसारखे आकडे त्यात प्रथम बळी पडतात.

पाकीट आणि पत्र

सर्वांत मोठा गोंधळ नावांचा आहे. एमपी-४, एमओव्ही, एव्हीआय ही नावे म्हणजे पाकिटे होत. आत चित्रे व ध्वनी कोणत्या पद्धतीने बांधून ठेवले आहेत, ते पाकिटावरून कळत नाही. त्या बांधणीच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. एच. २६४, प्रोरेस, डीएनएक्सएचआर ही कोडेकची नावे. संकलनाचे सॉफ्टवेअर एखादी फाइल नाकारते तेव्हा दोष कधी पाकिटाचा असतो, कधी पत्राच्या भाषेचा. केवळ पाकीट नको असेल तर पत्र जसेच्या तसे दुसऱ्या पाकिटात घालता येते. त्यात गुणवत्तेची यत्किंचितही हानी होत नाही आणि काम काही सेकंदांत उरकते. फाइलच्या नावाचे शेपूट बदलणे म्हणजे मात्र रूपांतर नव्हे. ते पाकिटावर खोटा पत्ता लिहिण्यासारखे आहे.

पत्राची भाषा बदलणे का भाग पडते, हे समजण्यासाठी थोडे गणित करावे लागेल. १९२० बाय १०८० बिंदूंचे एक चित्र आकुंचनाविना ठेवावयाचे तर सुमारे ६२ लाख बाइट लागतात. सेकंदाला २५ चित्रे धरल्यास एका मिनिटाला नऊ गिगाबाइटहून अधिक जागा होते. यास्तव एच. २६४ सारख्या पद्धती प्रत्येक चित्र पूर्ण ठेवीत नाहीत. महसुली भाषेत सांगावयाचे तर अधूनमधून एक पूर्ण सातबारा लिहावयाचा आणि मधल्या काळात केवळ फेरफारांची नोंद करावयाची, असा हा प्रकार आहे. (हस्तलिखित सातबाराचेही पूर्वी दर दहा वर्षांनी पुनर्लेखन होत असेच.) पाहणाऱ्याला यात काही अडचण नाही. संकलकाला मात्र मधल्याच एका क्षणी कात्री लावावयाची असते. त्या क्षणाचे चित्र मिळविण्यासाठी यंत्राला मागचा पूर्ण उतारा काढून सर्व फेरफार वाचत यावे लागते. जुना संगणक येथे अडखळतो. प्रोरेस आणि डीएनएक्सएचआर या मधल्या स्वरूपांत प्रत्येक चित्र हा स्वतंत्र उतारा असतो. जागा जास्त लागते, पण कात्री कोठेही सहज चालते. म्हणून संकलनापूर्वी या स्वरूपात यावे आणि संपूर्ण काम झाल्यावर एकदाच, केवळ एकदाच, एच. २६४ मध्ये जावे. शटर एन्कोडर आणि एफएफएमपेग ही विनामूल्य साधने हे दोन्ही करतात.

चोवीस की पंचवीस

चित्रपटाची फीत सेकंदाला २४ चित्रांनी चालते, आपल्याकडील दूरदर्शनची पद्धत २५ चित्रांची. फिल्म्स डिव्हिजनचा १९७४ सालचा ‘एक अनेक और एकता’ हा ॲनिमेशनपट त्या काळातील मुलांनी घरच्या दूरदर्शन संचावर पाहिला. असे फितीवरील पट २५ च्या गतीने दाखविले की दहा मिनिटांचा पट ९ मिनिटे ३६ सेकंदांत संपतो आणि आवाज किंचित चढतो. गती ही चित्रात नसते, चित्रे किती वेगाने दाखवावयाची या करारात असते. दादासाहेब फाळके यांनी १९१२ च्या सुमारास वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चित्र घेत टिपली, तेव्हा कित्येक दिवसांची वाढ मिनिटभरात दिसली ती याच कारणाने.

आजच्या व्यवहारात हा करार मोडण्याची ठिकाणे दोन. एकेका चित्राची स्वतंत्र फाइल अशी मालिका संकलनात घेताना ती किती गतीची आहे, हे सॉफ्टवेअरला आपण सांगावे लागते. २५ च्या हिशेबाने काढलेली १,५०० चित्रे ३० च्या गतीने घेतली गेली तर साठ सेकंदांचा पट पन्नास सेकंदांत धावतो आणि निवेदन मागे पडते. दुसरे ठिकाण भ्रमणध्वनीचे. त्यावरील चित्रण, तसेच संगणकाच्या पडद्याचे चित्रण, बहुधा कमीअधिक गतीचे असते. सुरुवातीस ओठ व आवाज जुळतात आणि पाचव्या मिनिटाला फारकत होते. अशी फाइल प्रथम हँडब्रेकसारख्या साधनाने २५ च्या स्थिर गतीत आणून मगच संकलनास घ्यावी.

पारदर्शकता आणि हिरव्या रंगाचा पेच

आमच्या ढगाभोवतीची पांढरी पेटी कोठून आली? मूळ चित्रात ढगाची पार्श्वभूमी पारदर्शक होती. एच. २६४ बांधणीच्या नेहमीच्या एमपी-४ फाइलमध्ये पारदर्शकता साठविण्याची सोयच नसते. तेथे मोकळी जागा काळी किंवा पांढरी होऊन भरली जाते. जिफ स्वरूपात पारदर्शकता आहे, पण ती अर्धवट. एखादा बिंदू पूर्ण पारदर्शक किंवा पूर्ण भरीव, मधली अवस्था नाही. शिवाय एका चित्रात रंग २५६ च. त्यामुळे कडा करवतीसारख्या दिसतात. पारदर्शकता शाबूत ठेवावयाची असेल तर एमओव्ही पाकिटातील प्रोरेस ४४४४ किंवा पीएनजी चित्रांची मालिका हे दोन भरवशाचे मार्ग. प्रोरेस ४४४४ ला मिनिटास दोन गिगाबाइटपर्यंत जागा लागू शकते, आणि फॅट-३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर चार गिगाबाइटपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही, हे ध्यानात ठेवावे. सपाट रंगांच्या रेखाचित्रांना पीएनजी मालिका बरीच स्वस्त पडते. फक्त फाइलींना क्रमांक देताना ०००१, ०००२ असे शून्ये लावून द्यावेत, अन्यथा काही सॉफ्टवेअर एकानंतर दहावे चित्र लावतात.

पुष्कळ जण हिरव्या पार्श्वभूमीवर चित्र काढून मागाहून हिरवा रंग वगळतात. शेतीच्या विषयात ही युक्ती अंगलट येते. हिरव्याबरोबर कपाशीची पानेही नाहीशी होतात. निळी पार्श्वभूमी घ्यावी तर विहिरीतील पाणी जाते. अशा वेळी आपल्या शिवारात सहसा न आढळणारा भडक किरमिजी रंग घ्यावा. एच. २६४ मध्ये रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा कमी ठेवली जात असल्याने अशा कडांना रंगीत झालर राहण्याचा संभव असतोच.

जुन्या शैक्षणिक सीडींविषयी एक स्वतंत्र सूचना. त्यांतील अनेक पट फ्लॅश पद्धतीचे आहेत. या पद्धतीचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला. त्या फाइली म्हणजे चित्रांची मालिका नव्हे. रेषा व हालचाली यांच्या सूचना असलेला तो एक छोटा कार्यक्रमच असतो. रफल या विनामूल्य साधनाने त्यांतील पुष्कळ आजही चालविता येतात आणि पडद्यावरून टिपून घेता येतात. मुलांनी बोट लावून उत्तर द्यावयाचा भाग मात्र साध्या चित्रफितीत येत नाही. ज्या शाळांच्या कपाटांत अशा सीडी आहेत, त्यांनी त्या अजून वाचल्या जात आहेत तोवर संगणकावर उतरवून घ्याव्यात.

व्हॉट्सॲपवरून पाठवणे अपरिहार्य असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे, म्हणजे फाइल आहे तशी पोहोचते. अंतिम प्रत एच. २६४ व एएसी ध्वनी असलेल्या एमपी-४ स्वरूपात काढावी. सभेच्या आदल्या दिवशी ती त्याच टीव्हीवर अथवा प्रोजेक्टरवर, शेवटच्या रांगेत बसून, एकदा पाहावी.

वर उल्लेखिलेल्या शिक्षकांनी पुढे आपल्या पटाची पीएनजी मालिका जपून ठेवली. दोन मिनिटांची ३,००० चित्रे. पुढील वर्षी पाऊस वेगळा झाला, आकडे बदलले. त्यांनी आकड्यांच्या पाटीची आठ सेकंदांची २०० चित्रे तेवढी नव्याने काढली. उरलेली २,८०० आहेत तशीच वापरली.