स्टार्टर नुसताच कट्‌कट्‌ करतोय? नवीन बॅटरी आणण्याआधी केबलचं टर्मिनल बघा

जेसीबी-पोकलेन भाड्याने देणाऱ्यांसाठी आपली जी मालिका चालू आहे, तिच्यातला हा बॅटरी केबलचा भाग. व्हिडिओत हाताचं काम दिसतं, पण आकडे निसटून जातात. म्हणून आकडे आणि कामाचा क्रम इथे लिहून देतोय. मोबाईलवर उघडा आणि मशीनपाशी घेऊन जा.

आधी पैशाचं बोलू. समजा तुमचं मशीन ताशी १,२०० रुपयांनी चालतं. सकाळी चावी फिरवली, स्टार्टरने कट्‌कट्‌ केलं आणि मशीन उठलंच नाही. तालुक्याहून इलेक्ट्रिशियन येईपर्यंत दुपार झाली. ४ तास गेले म्हणजे ४,८०० रुपये गेले. ऑपरेटरचा पगार चालू, बँकेचा हप्ता चालू, आणि पावसाआधी शेततळं पूर्ण करून मागणारा शेतकरी तोवर दुसऱ्या मशीनवाल्याला फोन लावून मोकळा.

मग काय होतं? ऑपरेटर म्हणतो, "मालक, बॅटरी बसली." नवीन बॅटरी येते. ती बसवताना टर्मिनल सुटतं, हलतं, थोडं घासलं जातं आणि मशीन एका झटक्यात चालू होतं. सगळे खूश. महिन्या-दोन महिन्यांनी परत कट्‌कट्‌. म्हणजे दुखणं टर्मिनलचं होतं आणि बिल बॅटरीचं भरलं.

दिवे लागतात, हॉर्न वाजतो, मग स्टार्टर का नाही?

हा प्रश्न कमेंटमध्ये सारखा येतो. उत्तर साध्या गुणाकारात आहे. समजा गंजलेल्या टर्मिनलचा अडथळा फक्त १० मिलिओहम आहे, म्हणजे ०.०१ ओहम. दिव्यांना १० अँपिअर लागतात, तेव्हा तिथे ०.१ व्होल्ट पडतो. दिव्याला पत्ताही लागत नाही. पण स्टार्टरला काही शे अँपिअर लागतात. ५०० धरा. त्याच जागी ५ व्होल्ट खाल्ले जातील! १२ मधले ५ वाटेतच गेले तर स्टार्टर फिरणार कशावर? अडथळा अगदी १ मिलिओहम असला तरी ५०० अँपिअरला तिथे २५० वॅट उष्णता तयार होते, तीही अंगठ्याएवढ्या जागेत. टर्मिनल वितळलेलं, केबलचं रबर काळं पडलेलं दिसतं ते यामुळेच.

मीटर लावा, अंदाज नको

साधा डिजिटल मीटर पुरतो. डीसी २० व्होल्टवर ठेवा. गिअर न्यूट्रल, पार्किंग ब्रेक लावलेला, बकेट जमिनीवर, चाकांच्या पुढे-मागे कोणी नाही, हे बघूनच पुढे जा.

मीटरचं एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर, अगदी मध्यभागी टेकवा. दुसरं टोक त्याच खुंटावर बसलेल्या टर्मिनलवर. म्हणजे दोन्ही टोकं एकाच बाजूला, मध्ये फक्त ती जोडणी. आता ऑपरेटरला स्टार्टर मारायला सांगा. आकडा ०.१ किंवा कमी आला तर जोडणी ठीक. ०.२ च्या वर गेला तर ती सोडवून बघायचीच. जोडणी पूर्णच तुटली असेल तर मीटर जवळपास अख्खा बॅटरीचा व्होल्टेज दाखवेल. मग शोधायला काही उरतच नाही.

तसंच प्लसच्या खुंटापासून स्टार्टरच्या मोठ्या बोल्टपर्यंत मोजा. १२ व्होल्टच्या मशीनला ०.५ च्या आत हवं. मायनसच्या खुंटापासून इंजिनच्या उघड्या लोखंडापर्यंतही मोजा. ही बाजू बरेच जण सोडून देतात आणि खराबी नेमकी अर्थिंगच्या पट्टीत निघते. पोकलेनमध्ये १२-१२ च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात, तिथे दोघींना जोडणारी मधली केबलही विसरू नका.

स्टार्टर एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये दोनेक मिनिटं थांबा. आणि स्टार्टर मारताना बॅटरीच्या दोन खुंटांमधला व्होल्टेजच ९.६ च्या खाली जात असेल, तर मात्र बॅटरी चार्ज करून तपासा. तिथे टर्मिनलला दोष देऊ नका.

सोडवताना मायनस आधी

चावी बंद, आयसोलेटर बंद. डीईएफवाल्या मशीनवर चावी बंद केल्यानंतरही पंप काही वेळ चालतो, त्यामुळे मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबून मगच आयसोलेटर. हातातलं कडं, अंगठी, घड्याळ काढा. यात हसण्यासारखं काही नाही. प्लस आणि चासी यांच्यात अंगठी अडकली तर ती क्षणात लाल होते आणि बोटातून निघत नाही.

मायनस आधी का? मशीनचं सगळं लोखंड मायनसला जोडलेलं असतं. मायनस जोडलेली असताना प्लसचा नट खोलायला गेलात आणि पाना चासीला टेकला, तर सरळ शॉर्ट. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन हवेत ४ टक्के झाला की एक ठिणगी पुरते. मायनस आधी काढली की पाना कुठेही टेकला तरी करंटला परतीची वाट नाही. लावताना उलटं: प्लस आधी, मायनस शेवटी. बिडी-सिगारेट लांब, डोळ्यांवर चष्मा, हातात रबरी मोजे.

टर्मिनल घट्ट बसलं असेल तर खाली स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. खुंट आतून हलला की बॅटरी कामातून गेली. नट सैल करा, कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून ओता, फेस थांबेपर्यंत थांबा. बॅटरीची झाकणं आधी घट्ट करा, सोडा आत गेला तर आतलं ॲसिडच मारतो. तरीही निघालं नाही तर टर्मिनल पुलर वापरा.

साफ करायचं, टोक बदलायचं की पूर्ण केबल?

नुसती पांढरी पावडर असेल आणि खालचा धातू शाबूत असेल, तर सोड्याने धुवा, तारेच्या ब्रशने चमकेपर्यंत घासा, बस. टर्मिनलला तडा असेल, बोल्ट खाल्ला गेला असेल, कडा पातळ झाल्या असतील तर बदला.

खरा निर्णय केबल सांगते. टोक कापा आणि आतली तार बघा. हिरवी-निळी पावडर दिसली म्हणजे ॲसिड तांब्यापर्यंत पोचलंय. तारांच्या मधल्या फटींतून ते आत ओढलं जातं, वरचं रबर मात्र चांगलं दिसतं. तांबं लालभडक दिसेपर्यंत थोडं थोडं कापत जा. वीतभर कापूनही काळंच दिसत असेल, किंवा उरलेली केबल ताणून लावावी लागत असेल, तर पूर्ण केबल बदला. ताणलेली केबल मशीनच्या हादऱ्यांनी खुंटच सैल करते.

बाजारात दोन बोल्टांच्या पट्टीखाली तार दाबायचं टर्मिनल मिळतं. साइटवरून मशीन घरी आणायला ठीक, पण ते कायमचं ठेवू नका. शिसं मऊ असतं, दाबाखाली हळूहळू सरकतं, पकड सैल होते, आणि तार उघडीच असते.

लग कसा घ्यायचा, कसा दाबायचा

केबलवर स्क्वेअर एमएम छापलेलं असतं: ५०, ७०, ९५ असं. पुसलं असेल तर तांब्याची जाडी जुळवा, रबराची नाही. जाड रबरात बारीक तांबं घालून विकणारे आहेत. मूळ मापापेक्षा कमी कधीच घेऊ नका. लग मागताना दोन आकडे सांगा: ७०-१० म्हणजे ७० स्क्वेअरची केबल आणि १० एमएम बोल्टचं भोक. कल्हई केलेला तांब्याचा लग हवा. इलेक्ट्रिकच्या दुकानात दिसायला तसाच ॲल्युमिनियमचा लगही असतो. कानस मारून बघा, आतून लाल निघाला तर तांबं.

कापायला केबल कटर घ्या, हॅकसॉने तारा फिसकारतात. रबर लगच्या नळीच्या खोलीइतकंच सोला, वर दोन-तीन एमएम. आतून डिंक असलेली हीट श्रिंक नळी आधी केबलवर सरकवा, नंतर लग. मग हायड्रॉलिक क्रिम्परने मापाच्या डायने दोन ठिकाणी दाबा. जोरात ओढून बघा, पिळून बघा. लग फिरला तर कापून परत.

"सर, कास्तर मारला तर?" नुसता कास्तर नको. नेहमीचा ६३-३७ चा कास्तर १८३ अंशांना वितळतो, आणि खराब जोडणी त्याहून तापू शकते. शिवाय तो तारांमध्ये वर चढतो, केबल तिथे काडीसारखी कडक होते आणि हादऱ्यांनी नेमकी तिथेच तुटते. हातोडीने ठोकून चपटा केलेला लगही मी मोजत नाही.

प्लस आणि मायनसचं टर्मिनल वेगवेगळं मागा. नेहमीच्या जाड खुंटाच्या बॅटरीत प्लस साधारण १७.५ एमएम आणि मायनस १५.९ एमएम असतो. मोठं टर्मिनल छोट्या खुंटावर पत्र्याची पट्टी घालून बसवलेलं दिसलं, तर पुढच्या बिघाडाची तारीख ठरली समजा. टर्मिनल हाताने खुंटाच्या तळापर्यंत बसवा, ठोकू नका, मग नट आवळा. व्हॅसलीन आवळल्यावर वरून. प्लसवर रबरी टोपी घाला. केबल क्लिपने चासीला बांधा आणि बॅटरीची पट्टी घट्ट आहे का बघा, कारण सैल बॅटरीच टर्मिनल तोडते.

आता पुन्हा तोच मीटर. जोडणीवर ०.१ च्या आत आणि इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट यायला हवेत. २४ वाल्यांनी दुप्पट धरा. १२ च्या मशीनवर १५ च्या वर दिसलं तर अल्टरनेटर जास्त चार्ज करतोय, बॅटरी ॲसिडची वाफ सोडत राहणार आणि नवीन टर्मिनलही पांढरं होणार. रेग्युलेटर दाखवून घ्या.

ज्यांना हेच काम साइटवर जाऊन करायचा धंदा करायचाय, त्यांनी बिलावर दोन आकडे लिहायची सवय लावा: काम करण्याआधीचा व्होल्टेज ड्रॉप आणि नंतरचा. "टर्मिनल बदलले" एवढंच लिहिलं की मालक घासाघीस करतो. "आधी १.४, नंतर ०.०६" लिहिलं आणि मीटरचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला, की पुढच्या मशीनलाही तुम्हालाच बोलावतो. दर ठरवताना लग, नळी आणि पेट्रोलबरोबर जाण्या-येण्याचे तासही धरा.