एलिस बेटावरून किती जण परत गेले?

प्रश्न : युरोपातून अमेरिकेला गेलेल्यांची न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर तपासणी होत असे. तिथून किती जणांना माघारी धाडलं जाई, आणि ते कशावरून ठरे?

उत्तर : शंभरात साधारण दोघांना. १८९२ ते १९५४ या काळात या बेटावरून सुमारे १ कोटी २० लाख लोक अमेरिकेत शिरले. तेव्हा दोन टक्के म्हटले तरी दोन लाखांवर माणसं झाली, हे विसरू नये.

पहिल्या-दुसऱ्या वर्गाच्या उतारूंना जहाजावरच मोकळं करत. बेटावर आणत ते जहाजाच्या पोटात दाटीवाटीनं आलेल्या गरिबांना. जिना चढताना कोण धापा टाकतो, कोण लंगडतो, हे डॉक्टर वरून न्याहाळत. संशय आला की कोटावर खडूनं अक्षर काढत : हृदयासाठी ‘एच’, डोळ्यांसाठी ‘ई’. बुटांची बटणं लावायच्या आकड्यानं पापणी उलटून पाहत. आत खुपऱ्या दिसल्या की बहुधा परतीचंच जहाज.

मग तोंडी प्रश्न. त्यांतला सर्वांत अवघड, ‘इथं काम ठरलंय का?’ हा. १८८५च्या कायद्यानं करार करून मजूर आणायला बंदी होती, म्हणून ‘हो’ म्हणणारा अडके. आणि पैसा नाही, आधार नाही असं दिसलं, तर सरकारवर भार पडेल म्हणून नकार. शेतावरून थेट आलेल्या माणसाला हा पेच कसा उमगावा?

तरीही आकडा लहान राहिला, कारण खरी चाळणी युरोपातच लागे. नाकारलेल्याला परत नेण्याचा खर्च जहाज कंपनीवर होता. १९०३पासून निघतानाच ओळखता आला असता असा संसर्गजन्य रोग असलेला प्रवासी आणला तर माणशी १०० डॉलर दंडही होता. म्हणून हॅम्बुर्गच्या कंपनीनं बंदराजवळ मोठी वसाहतच उभारली. तिथं प्रवाशांना अंघोळ घालत, कपडे निर्जंतुक करत, डॉक्टरांकडून तपासून घेत. तिथूनच घरी वळलेले लोक बेटाच्या दोन टक्क्यांत येत नाहीत. माझ्या मते, एवढ्यासाठी तो आकडा एकटा वाचू नये.

पुढे १९२४च्या कायद्यानं डॉक्टरांचं काम कोष्टकांकडे गेलं. प्रत्येक देशाचा वाटा ठरला, परवाने युरोपातल्या अमेरिकी वकिलातींतून मिळू लागले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात वर्षाला दोन-दोन लाख इटालियन येत होते. आता इटलीच्या वाट्याला वर्षाला ३,८४५ जागा आल्या.